'नाइस'चे जुने अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'नाइस' हे विशेषण आपल्या बोलण्यात इतकं मुरलं आहे की कुणाच्या फोटोखाली ते लिहिताना आपण परका शब्द वापरतोय हे जाणवतही नाही. पण दोन-चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी वाचायला घेतलं की हाच ओळखीचा शब्द वाट अडवतो. वाक्यातला प्रत्येक शब्द कळतो आणि वाक्य मात्र कळत नाही. इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, वकिली करणारे आणि अनुवादाच्या कामाला लागलेले लोक या शब्दाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

'नाइस'चा पहिला अर्थ 'मूर्ख' होता, हे खरं का?

खरं आहे. इसवी सन १३००च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो 'अडाणी', 'बावळट', 'बिनडोक' याच अर्थाने. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबारात, कचेरीत, बड्या घरांत फ्रेंचच चालली. त्या काळात फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला, त्यातच हाही आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'खुळा, साधाभोळा' असा होता.

फ्रेंचांना तो लॅटिनकडून मिळाला. लॅटिनमध्ये 'नेस्कियुस' म्हणजे ज्याला ठाऊक नाही तो. 'ने' म्हणजे न, आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. हा 'ने' आणि आपला संस्कृत 'न' एकाच कुळातले. थोडक्यात, 'नाइस' म्हणजे अजाण.

मग 'सायन्स'शी त्याचं काही नातं आहे का?

सख्खं नातं आहे. 'सायन्स' याच 'स्किरे'पासून आला. 'कॉन्शन्स' म्हणजे सदसद्विवेक आणि 'ऑम्निसिअंट' म्हणजे सर्वज्ञ, हेही त्याच घरातले. इंग्रजीत 'नेसिअंट' असं आणखी एक विशेषण आहे. ते विद्वानांनी थेट लॅटिनवरून उचललं, म्हणून त्याचा अर्थ आजही 'अजाण' असाच आहे. एकच लॅटिन शब्द दोन दारांनी आत आला. पोथीतून आलेला जसाच्या तसा राहिला, लोकांच्या तोंडी रुळलेला पार बदलून गेला.

इतर भाषांत या शब्दाचं काय झालं?

फ्रेंचमध्ये तो मागे पडला. स्पॅनिशमध्ये 'नेसियो' आणि पोर्तुगीजमध्ये 'नेशियू' आजही आहेत आणि दोन्हींचा अर्थ मूर्ख असाच आहे. स्पॅनिशमध्ये त्याला हटवादीपणाचीही छटा आहे. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत किंवा पुस्तकांत हा शब्द दिसला, तर तो इंग्रजी 'नाइस'चा भाऊ आहे हे लक्षात ठेवावं. आणि अर्थाच्या बाबतीत भावावर अजिबात विसंबू नये.

'मूर्ख'पासून 'छान'पर्यंत हा शब्द पोचला तरी कसा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. अभ्यासक साधारणपणे मांडणी करतात ती अशी.

मूर्ख माणसाचं वागणं सैल असतं, त्याला पोच नसतो. त्यावरून चौदाव्या-पंधराव्या शतकांत 'नाइस'ला 'उधळ्या', 'छचोर', 'चवचाल' असे अर्थ चिकटले. त्या काळी एखाद्या बाईला 'नाइस' म्हणणं ही तिची नालस्ती ठरू शकत होती. उधळेपणा दिसतो कुठे, तर कपड्यालत्त्यात आणि नखऱ्यात. त्यामुळे नटवेपणाचा अर्थ आला. नटव्या माणसाला सहजासहजी काही पसंत पडत नाही; त्याला हे नको, ते चालत नाही. इथे 'चोखंदळ' आणि 'सोवळा' हे अर्थ उगवले. सोवळ्यातून संकोच आला, लाजरेपणा आला. म्हणजे एके काळी हाच शब्द छचोर बाईला लागत होता आणि लाजऱ्या बाईलाही.

सोळाव्या शतकात शब्दाने मोठं वळण घेतलं. आतापर्यंत तो माणसाचं वर्णन करत होता, आता तो वस्तूंना आणि प्रश्नांनाही लागू लागला. चोखंदळ माणूस बारीक फरक पाहतो, म्हणून तो बारीक फरकच 'नाइस' झाला. 'सूक्ष्म', 'नाजूक', 'काटेकोर', 'जपून हाताळावं लागेल असं' हे सगळे अर्थ इथले. ज्याची नजर बारीक, त्याची आवड उंची. उंची आवडीच्या माणसाला पसंत पडणारी वस्तू, विशेषतः खाण्याची, ती चांगलीच असणार. आणि मग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'छान', 'सुखद' हा अर्थ बोलण्यात रुळलेला दिसतो. माणसाच्या बाबतीत 'भला', 'समोरच्याचा विचार करणारा' हा अर्थ त्याच्याही नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला.

वाचताना हे जिन्याच्या पायऱ्यांसारखं वाटतं, पण एक पायरी सोडून दुसरीवर पाय ठेवला असं घडलं नाही. चार-पाच अर्थ एकाच वेळी, एकाच शहरात, कधी एकाच लेखकाच्या लिखाणात नांदत होते. ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशाच्या संपादकांनीच लिहून ठेवलं आहे की या शब्दाचे निरनिराळे अर्थ नेमके कसे फुटत गेले ते पुरतं स्पष्ट नाही, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अनेक उताऱ्यांत लेखकाला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे. इतकी वर्षं शब्दांच्या मागे लागलेल्या माणसांनी असं स्वच्छ लिहावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

चॉसरमध्ये हा शब्द कसा येतो?

इंग्रज कवी चॉसर वारला १४०० साली, म्हणजे त्याचं इंग्रजी चौदाव्या शतकाच्या अखेरचं. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये बाथ गावची बाई गोष्ट सांगते. स्त्रियांना सर्वांत जास्त काय हवं असतं, याची निरनिराळी उत्तरं ती मोजून दाखवते. त्यातलं एक असं की आमचे दोष कुणी काढू नयेत, आम्हांला 'वाइज' म्हणावं, 'नाइस' मुळीच म्हणू नये.

आजच्या कानाला हे उलटं वाटतं. कुणाला 'नाइस' म्हणवून घ्यायचं नसेल? पण तिथे 'वाइज' म्हणजे शहाणी आणि 'नाइस' म्हणजे खुळी. दोन शब्द एकमेकांसमोर उभे केले आहेत आणि त्या विरोधातूनच अर्थ उघड होतो. जुना 'नाइस' ओळखायची ही सर्वांत भरवशाची खूण. शेजारी कोणता शब्द बसवलाय ते पाहावं.

शेक्सपिअर वाचताना 'नाइस'चा कोणता अर्थ घ्यावा?

कोणताही एक ठरवून घेऊ नये. पण 'छान' हा अर्थ मात्र बाजूला ठेवावा. शेक्सपिअरचं लेखन १५९० ते १६१३च्या सुमाराचं आहे, आणि तो अर्थ रुळायला तेव्हा अजून दीडशे वर्षं होती.

'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकातली एक जागा पाहू. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निपचित पडली आहे, हे रोमिओला कळवणारं पत्र फादर लॉरेन्सने दुसऱ्या एका साधूकडे दिलेलं असतं. तो साधू रोमिओ जिथे आहे त्या मांटुआला पोचूच शकत नाही. प्लेगच्या संशयाने पहारेकरी त्याला एका घरात कोंडतात आणि दार बंद करतात. तो परत येऊन पत्र हातात ठेवतो तेव्हा लॉरेन्स हादरतो आणि म्हणतो, 'द लेटर वॉज नॉट नाइस.' आजच्या अर्थाने वाचलं तर पत्र चांगलं नव्हतं, त्यात काहीतरी वाईट लिहिलं होतं, असा समज होतो. विद्यार्थ्यांचा तसा होतोही. पण लॉरेन्स म्हणतोय : ते पत्र काही किरकोळ नव्हतं! लगेच पुढे तो सांगतो की त्यात अतिशय महत्त्वाचा मजकूर होता आणि त्याची हेळसांड झाली तर अनर्थ ओढवेल. बारीकसारीक गोष्टींत अडकणारा तो 'नाइस', आणि मग ती बारीकसारीक गोष्टही 'नाइस', म्हणजे क्षुल्लक. संपूर्ण शोकांतिका ज्या पत्रावर उलटते त्या पत्राबद्दलचं हे वाक्य आहे, म्हणून इथे अर्थ चुकला तर केवळ एक शब्द चुकत नाही, त्या म्हाताऱ्याची धडकीच वाचकापर्यंत पोचत नाही.

याच नाटकात तिसऱ्या अंकात रोमिओचा मित्र बेनव्होलिओ राजापुढे मारामारीची हकिगत सांगतो. भांडण किती 'नाइस' आहे याचा विचार कर, असं रोमिओने ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबल्टला विनवलं होतं, असं तो म्हणतो. तिथेही अर्थ क्षुल्लक हाच.

'ज्युलियस सीझर' अनेकांना शाळेत असतं. त्याच्या चौथ्या अंकात ब्रूटस आणि कॅशियस यांची जुंपते. लाच घेतल्याबद्दल ब्रूटसने एका माणसाला दोषी ठरवलेलं असतं आणि कॅशियसने त्याची रदबदली केलेली असते. कॅशियस म्हणतो, अशा धामधुमीच्या काळात प्रत्येक 'नाइस' गुन्ह्याची चिरफाड करू नये. 'नाइस' गुन्हा म्हणजे बारीकसा अपराध. ब्रूटसला लाचखोरी बारीक वाटत नाही, आणि तो थेट कॅशियसच्या स्वतःच्या खाजणाऱ्या तळहातावर घसरतो.

याउलट 'हेन्री द फिफ्थ'च्या शेवटी हेन्री राजा फ्रान्सच्या राजकन्येकडे चुंबन मागतो. आमच्याकडे लग्नाआधी अशी रीत नाही, असं तिच्या बाजूने सांगितलं जातं. त्यावर तो म्हणतो की 'नाइस' रिवाज मोठ्या राजांपुढे लवून मुजरा करतात. हा 'नाइस' म्हणजे सोवळा. मराठीत याहून चपखल शब्द मला तरी सापडलेला नाही.

वॉटर्लूच्या लढाईला वेलिंग्टन 'नाइस' म्हणाला होता, ते कसं?

१८१५ साली वॉटर्लू जिंकल्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन ब्रसेल्सला परतला, तेव्हा तिथे असलेल्या थॉमस क्रीव्ही या इंग्रज गृहस्थाशी त्याचं बोलणं झालं. क्रीव्हीने ते टिपून ठेवलं. नेपोलियनशी झालेल्या या लढाईला ड्यूक 'डॅम्ड नाइस थिंग' म्हणाला आणि इतकी काठावरची गोष्ट तुम्ही जन्मात पाहिली नसेल, अशी पुस्ती त्याने जोडली.

दोन्ही बाजूंचे मिळून हजारो लोक मरून पडलेले असताना सेनापती लढाईला 'छान' म्हणतोय, असं वाटून वाचणारे अस्वस्थ होतात. खरं तर त्याचं म्हणणं असं होतं की प्रकरण अत्यंत नाजूक झालं होतं, पारडं कुठेही झुकलं असतं. त्याच संभाषणात किती माणसं गमावली तेही तो गंभीरपणे सांगतो. हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढाई केली. ती लढाईही त्याला फार महाग पडली होती.

'छान' या अर्थावर लोकांनी आक्षेप घेतला होता का?

घेतला होता, आणि फार देखण्या रीतीने. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी लिहून झाली अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी आणि छापून आली ती लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७च्या डिसेंबरात. तिच्या चौदाव्या प्रकरणात कॅथरिन, हेन्री टिल्नी आणि त्याची बहीण एलिनॉर बाथ शहराबाहेरच्या बीचन क्लिफवर फिरायला निघतात. कॅथरिन एका कादंबरीला जगातलं सर्वांत 'नाइस' पुस्तक म्हणते. हेन्री तिला पकडतो. 'नाइस' म्हणजे नीटनेटकं ना? मग ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून आहे, असं तो म्हणतो. एलिनॉर भावाला दटावते, पण तो थांबत नाही. दिवस नाइस, फिरणं नाइस, तुम्ही दोघी नाइस, सगळ्यालाच हा शब्द चालतो, अशी त्याची तक्रार. मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, औचित्य, सुसंस्कृतपणा एवढ्यासाठीच होता, असं तो बजावतो.

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. हेन्री ज्याला 'मूळ' म्हणतोय ते मूळ नव्हेच. त्याच्या आजोबांच्या पिढीचा अर्थ त्याला मूळ वाटतोय. चॉसरने हे ऐकलं असतं तर तोही गोंधळला असता. प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या पिढीच्या वापराला शुद्ध धरते आणि पुढच्या पिढीच्या वापराला भ्रष्ट ठरवते, हे या संवादात लख्ख दिसतं. शेवटी एलिनॉरच त्याला गप्प करते : हा शब्द खरा तुलाच लावायला हवा, तोही स्तुती म्हणून नव्हे, तू 'मोअर नाइस दॅन वाइज' आहेस. शहाणपणापेक्षा चोखंदळपणाच तुझ्यात जास्त. चॉसरचीच ती जोडी, 'नाइस' आणि 'वाइज', चारशे वर्षांनी पुन्हा समोरासमोर, पण मधल्या काळात त्यातल्या एकाचा अर्थ बदललेला.

शाळेत 'नाइस' लिहू नका असं का सांगतात?

कारण तो शब्द सगळ्यालाच लागतो आणि त्यामुळे वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. निबंधापुरती ही सूचना योग्यच आहे. पण त्यामागे एक जुनी नाराजीही आहे. हेन्री फाउलर याने १९२६ साली इंग्रजी वापराचा जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात त्याने लिहिलं की हा शब्द स्त्रियांचा फार लाडका झाला आणि त्यांनी त्याचं वेगळेपणच घालवून टाकलं. फाउलरचा कोश मी आदराने वाचतो, पण हे म्हणणं मला मान्य नाही. शब्द बदलतात ते सगळ्या बोलणाऱ्यांच्या तोंडून. त्याचं खापर बायकांच्या माथी फोडायची खोड जुनी आहे आणि आपल्याकडेही ती कमी नाही.

जुना अर्थ आज कुठे जिवंत आहे?

मुख्यतः कायद्यात आणि वैचारिक लेखनात. मुंबई उच्च न्यायालयाच्या किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत 'अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ' असं वाचायला मिळालं, तर न्यायमूर्ती प्रश्नाचं कौतुक करत नाहीयेत. प्रश्न सूक्ष्म आहे, दोन्ही बाजूंनी वजनदार युक्तिवाद होऊ शकतो, असं त्यांना म्हणायचं असतं. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक भेद. 'नायसेटी' या नामात तर जुना अर्थच मुख्य राहिला : 'लीगल नायसेटीज' म्हणजे कायद्यातले बारकावे, आणि 'टू अ नायसेटी' म्हणजे अगदी तंतोतंत. उपरोधानेही हा शब्द येतो, 'नाइस मेस' म्हणजे चांगलाच घोळ. पण तो आजचाच अर्थ उलटा केलेला, जुना नव्हे.

संगणकातली 'नाइस' आज्ञा कुठल्या अर्थाची?

आजच्या, 'दुसऱ्याचा विचार करणारा' या अर्थाची. युनिक्स आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींत एखाद्या कामाचा 'नाइस' आकडा -२० ते १९ असतो. आकडा जितका मोठा, तितकं ते काम इतरांना वाट देतं आणि स्वतः मागे थांबतं. साध्या वापरकर्त्याला आपलं काम अधिक नाइस करता येतं. आकडा शून्याखाली नेऊन पुढे घुसायचं असेल तर प्रशासकाचा अधिकार लागतो.

फ्रान्समधल्या शहराचा या शब्दाशी संबंध आहे का?

नाही. स्पेलिंग तेच असलं तरी ते नाव 'नीस' असं उच्चारतात. प्राचीन ग्रीकांनी वसवलेली ती वस्ती, नाव 'निकाइया', आणि ते विजयाची देवता नायकी हिच्यावरून आलेलं.

असा प्रवास इतर विशेषणांचाही झालाय का?

खूप. 'फाँड' आधी मूर्ख होता, मग वेडी माया करणारा आणि आता नुसती आवड असणारा. किंग लिअर स्वतःला 'अ व्हेरी फूलिश फाँड ओल्ड मॅन' म्हणतो, तेव्हा तो प्रेमळ म्हातारा म्हणत नसतो, भ्रमिष्ट म्हातारा म्हणत असतो. 'प्रिटी' जुन्या इंग्रजीत कावेबाज होता. 'सिली' बरोबर उलट्या दिशेने गेला : आधी धन्य, मग निष्पाप, मग बापडा, मग दुबळा आणि शेवटी मूर्ख. जर्मनमधला त्याचा भाऊ 'झेलिश' अजून 'धन्य' याच अर्थाचा आहे. भाषाशास्त्रात अर्थ वर चढला तर अर्थोत्कर्ष आणि खाली उतरला तर अर्थापकर्ष म्हणतात. 'नाइस' हे अर्थोत्कर्षाचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

मराठीत असं काही सापडतं का?

भरपूर. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत 'साहस' म्हणजे जबरदस्तीचा गुन्हा. दरोडा, खून हे त्यात येत. आज आपण मुलांना साहसकथा भेट देतो. 'राग' संस्कृतात रंग आणि आसक्ती, मराठीत संताप. 'शिक्षा' हिंदीत शिकवण आणि आपल्याकडे दंड. 'शहाणा' हा 'सज्ञान'पासून आलेला, म्हणजे अर्थाने 'नाइस'च्या अगदी विरुद्ध टोकाचा. पण 'मोठा शहाणा आलाय!' म्हटलं की तोही मूर्खाच्या पंक्तीला जाऊन बसतो.

अनुवादात 'नाइस'ला कोणता शब्द वापरावा?

आधी मजकूर कधीचा आहे ते पाहावं. मध्ययुगीन असेल तर 'खुळा', 'बावळट', क्वचित 'छचोर'. सोळाव्या-सतराव्या शतकांत माणसाला लावलेला असेल तर 'चोखंदळ', 'सोवळा', 'नखरेल', 'लाजरा'. गोष्टीला लावलेला असेल तर 'बारीक', 'नाजूक', 'क्षुल्लक', 'काटेकोर'. अठराव्या शतकातला मजकूर सर्वांत फसवा, कारण तिथे 'काटेकोर' आणि 'छान' दोन्ही शक्य असतात. तिथे वाक्याच्या मागचा-पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय हात घालू नये. सगळीकडे 'छान' टाकून मोकळं होणारा अनुवाद वाचायला सोपा होतो, पण त्यात मूळ माणसाचं बोलणं उरत नाही.

जुना अर्थ शोधायचा तर कोणता कोश पाहावा?

विद्यार्थ्यांसाठीच्या नेहमीच्या कोशांत आजचा वापर आधी दिलेला असतो, त्यामुळे जुन्या मजकुराला ते पुरत नाहीत. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' हा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली निघाला, अर्थांची मांडणी इतिहासक्रमाने करतो आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे देतो. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तो पाहायला मिळतो. अठराव्या शतकासाठी सॅम्युएल जॉन्सनचा १७५५चा कोशही उघडावा. त्यात भर बारकाई, काटेकोरपणा आणि चोखंदळपणा यांवर आहे, म्हणून त्या काळच्या शिकलेल्या माणसाला हा शब्द कसा ऐकू येत होता ते कळतं. नाटकांसाठी आर्डनसारख्या सटीप आवृत्त्या घ्याव्यात. एकाच ओळीला दोन टीपकारांनी दोन अर्थ दिलेले आढळले, तर परीक्षेच्या उत्तरात दोन्ही लिहावेत आणि आपल्याला कोणता पटतो तो का, हे त्याच ओळीतल्या शेजारच्या शब्दांवरून दाखवावं.